माझगाव डॉक : हात बसायला लागणारी वर्षं

मुंबईच्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कंपनीत आयएनएस दिल्ली या विनाशिकेची कील, म्हणजे तळाचा कणा, १४ नोव्हेंबर १९८७ रोजी बसवली गेली आणि ती नौदलात दाखल झाली १५ नोव्हेंबर १९९७ रोजी. दहा वर्षं आणि वर एक दिवस. त्याच कंपनीत आयएनएस सुरतची कील ७ नोव्हेंबर २०१९ ला बसली आणि १५ जानेवारी २०२५ ला जहाज दाखलही झालं. सव्वापाच वर्षं, आणि त्यात कोविडचा काळ धरलेला. लांबीला दोन्ही जहाजं जवळपास सारखीच, साधारण १६३ मीटर. आतली यंत्रणा मात्र सुरतची कितीतरी जास्त गुंतागुंतीची. मग वेळ निम्म्यावर आला कसा?

याचं उत्तर मुंबईच्या माझगाव डॉकच्या इतिहासात आहे. पण जहाज नेमकं बांधतात कसं, हे माहीत नसेल तर तो इतिहास म्हणजे नुसती नावांची आणि सालांची यादी वाटते. म्हणून दोन्ही गोष्टी सोबतच घेऊ.

आधी एक घोटाळा दूर करू

मुंबईच्या जहाजबांधणीचा विषय निघाला की वाडिया घराण्याचं नाव येतं, आणि त्यांची सगळी जहाजं सर्रास माझगाव डॉकच्या खात्यावर टाकली जातात. ते चूक आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने सागवानी जहाजं बांधली ती फोर्टातल्या बॉम्बे डॉकयार्डात. आज तिथे नौदलाची गोदी आहे. १८१७ साली तिथे बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे.

माझगाव डॉक त्याच्या उत्तरेला, डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळ. इथली सुरुवात १७७४ मधल्या एका लहानशा सुक्या गोदीने झाली. पुढे ही जागा पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपन्यांकडे गेली. १९३४ मध्ये तिची रीतसर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली आणि १९६० मध्ये भारत सरकारने ती ताब्यात घेतली. तोवर इथलं मुख्य काम होतं दुरुस्तीचं. बोट गोदीत घ्यायची, पाणी उपसायचं, तळ खरवडायचा, सडलेले पत्रे बदलायचे, इंजिन खोलून परत बसवायचं.

दुरुस्तीचा कारागीर कमी दर्जाचा असतो असं अजिबात नाही. पण त्याच्यासमोर एक तयार जहाज असतं. जुना पत्रा काढला की नवा कसा कापायचा ते तोच जुना पत्रा सांगतो. नवीन जहाजात समोर असतो फक्त कागद. त्या कागदावरून हजारो पत्रे, पाइप आणि तारा एकमेकींना बरोबर येऊन भिडल्या पाहिजेत. ही झेप माझगावने घेतली १९६० च्या दशकात.

लिअँडर : दुसऱ्याच्या आराखड्यावर गिरवलेली अक्षरं

ब्रिटिश नौदलाच्या लिअँडर वर्गाच्या फ्रिगेट, म्हणजे विनाशिकेहून लहान युद्धनौका, मुंबईत बांधायचं ठरलं. व्हिकर्स आणि यॅरो या ब्रिटिश कंपन्यांचं साहाय्य होतं. पहिल्या जहाजाची, आयएनएस नीलगिरीची, कील १९६६ मध्ये बसली. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते तिचं जलावतरण झालं आणि ३ जून १९७२ रोजी ती नौदलात आली. त्यानंतर हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि १९८१ मध्ये विंध्यगिरी.

या सहा जहाजांकडे ‘परदेशी नक्कल’ म्हणून पाहणं अन्यायाचं आहे. लहान मूल पाटीवर अक्षर गिरवतं, तसं ते काम होतं. पहिलं जहाज जवळजवळ जसंच्या तसं. पुढच्या प्रत्येकात देशी सामान वाढत गेलं. शेवटच्या दोघींमध्ये, तारागिरी आणि विंध्यगिरीमध्ये, तर मागचा भाग बदलून सी किंग हे जड हेलिकॉप्टर मावेल अशी जागा काढली. एवढ्याशा जहाजावर एवढं मोठं हेलिकॉप्टर बसवायचं म्हणजे वरच्या मजल्यावर वजन वाढतं, गुरुत्वमध्य वर सरकतो आणि जहाज जास्त डोलतं. ते सगळं हिशेबात बसवायला आराखडा समजलेला असावा लागतो. गिरवणारा हात तोवर स्वतः लिहायला लागला होता.

सलग सहा जहाजं एकाच वर्गाची, हे इथे महत्त्वाचं. पहिल्या जहाजात फिटर जी चूक करतो ती दुसऱ्यात करत नाही. तिसऱ्यात तो ती चूक व्हायच्या आधीच पकडतो.

गोदावरी : एका जहाजात दोन विजा

पुढची पायरी गोदावरी वर्गाची. १९८३ मध्ये आयएनएस गोदावरी, मग गंगा आणि गोमती. आराखडा नौदलाच्या स्वतःच्या डिझाइन विभागाचा. लिअँडरची लांबी होती सुमारे ११३ मीटर, गोदावरीची १२६ मीटरच्या वर. पण इंजिन तेच, लिअँडरचं ३०,००० अश्वशक्तीचं वाफेचं. लांब आणि सडपातळ सांगाडा पाण्याला कमी अडतो, या तत्त्वाचा फायदा घेतल्यामुळे वजन बरंच वाढूनही वेगात फारशी घट आली नाही. शिवाय दोन सी किंग हेलिकॉप्टरं मावली.

खरी डोकेदुखी वेगळीच होती. जहाजावर क्षेपणास्त्रं आणि काही रडार सोव्हिएत, उरलेली बरीच यंत्रणा पाश्चात्त्य आणि भारतीय. पाश्चात्त्य पद्धतीच्या युद्धनौकेवर वीज असते ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. सोव्हिएत यंत्रांना लागते ३८० व्होल्ट, ५० हर्ट्झ. घरातल्यासारखा ॲडॅप्टर लावून हे भागत नाही. फ्रिक्वेन्सी बदलली की मोटारीचा वेगच बदलतो, त्यामुळे रूपांतर करणारी वेगळी यंत्रं लागतात. त्यांना जागा लागते, त्यांची उष्णता काढायला थंड हवा लागते, आणि त्या हवेच्या नळांना पुन्हा जागा. त्यात एका देशाचं रडार दुसऱ्या देशाच्या अँटेनात ढवळाढवळ करणार नाही अशा बेताने डोलकाठीवरची मांडणी. हे जमलं म्हणून पुढे भारतीय युद्धनौकांची ओळखच अशी झाली की जगभरची शस्त्रं एका सांगाड्यात नांदतात. नौदलाचे अभियंते आणि माझगावचे वायरमन, दोघांचंही ते श्रेय आहे.

उधाणाची भरती आणि पोकळ जहाज

आता बांधणीच्या पद्धतीकडे येऊ, कारण सुरुवातीच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे.

जुनी पद्धत अशी. स्लिपवेवर, म्हणजे पाण्याकडे उतरत्या धक्क्यावर, आधी कील, मग तिच्यावर बरगड्या, त्यावर पत्रे, मग डेक. सांगाडा पाणी धरण्याइतपत पूर्ण झाला की जहाज पाण्यात सोडायचं. सोडताना सगळा भार लाकडी पाळण्यावर असतो आणि तो पाळणा वंगण लावलेल्या पट्ट्यांवरून घसरतो. जहाजाचा मागचा भाग आधी पाण्यात जातो आणि तरंगायला लागतो. त्या क्षणी तो वर उचलला जातो आणि उरलेला सारा भार पुढच्या टोकाखालच्या आधारावर येतो. तो आधार कमी पडला तर जहाजाचं नाक चेपतं. पाणी उथळ असेल तर उलटा प्रकार होतो: मागचा भाग तरंगण्याआधीच पट्टीच्या टोकावरून खाली लोंबकळतो. म्हणून मुंबईत मोठं जलावतरण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या भरतीला धरतात. ती वेळ हुकली तर पुढच्या उधाणापर्यंत साधारण पंधरा दिवस थांबा. भांगाच्या भरतीला तेवढं पाणी मिळत नाही.

पाण्यात उतरलेलं हे जहाज पोकळ असतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. अरुंद दारांतून आणि डेकला पाडलेल्या भोकांतून पाइप, तारा, पंप आत न्यायचे. एका कोठडीत वेल्डर, पाइप फिटर, वायरमन आणि रंगारी एकाच वेळी. वेल्डिंगची ठिणगी नव्या केबलवर पडते. काल रंगवलेली भिंत आज कंस जोडायला पुन्हा खरवडावी लागते. जहाजबांधणीत एक जुना ठोकताळा आहे: जे काम वर्कशॉपमध्ये एका तासात होतं, ते सुट्या ब्लॉकमध्ये करायला तीन तास लागतात आणि जहाज पाण्यात गेल्यावर आठ.

नवी पद्धत याच ठोकताळ्यावर उभी आहे. जहाजाचे ब्लॉक छपराखाली वेगवेगळे बांधायचे. बरेचदा उलटे, कारण डोक्यावर वेल्डिंग करण्यापेक्षा पायाखाली करणं सोपं आणि सांधा जास्त भरवशाचा. पाइप, तारांचे मार्ग, यंत्रांचे पाये, रंग हे सगळं ब्लॉकमध्येच उरकायचं, मग ब्लॉक उचलून एकमेकांना जोडायचे. यासाठी दोन गोष्टी लागतात: मोठं मॉड्यूल वर्कशॉप आणि प्रचंड क्रेन. माझगावने आधुनिकीकरणात दोन्ही उभ्या केल्या. तिथली गोलियाथ क्रेन ३०० टन उचलते.

फरक किती पडला ते वजनात दिसतं. सुरतच्याच वर्गातली पहिली विनाशिका आयएनएस विशाखापट्टणम, तिचं जलावतरण २० एप्रिल २०१५ ला झालं तेव्हा तिचं वजन २,८८० टन होतं. पूर्ण भरलेली विशाखापट्टणम ७,४०० टनांची. म्हणजे पाण्यात उतरताना जेमतेम ३९ टक्के. जुन्या तारागिरीचंच नाव घेतलेल्या नव्या फ्रिगेटचं जलावतरण ११ सप्टेंबर २०२२ ला झालं ते ३,५१० टनांवर. या वर्गाचं पूर्ण वजन आहे सुमारे ६,६७० टन, म्हणजे ५३ टक्के वजन आधीच जागेवर. पूर्ण वजनात इंधन, पाणी, दारूगोळाही धरलेला असतो, त्यामुळे या टक्केवारीला अगदी काटेकोर मानू नये. पण दिशा स्पष्ट आहे: जे काम आधी आठ तासांच्या दराने व्हायचं ते आता एक-तीनच्या दराने होतं.

ब्लॉक पद्धतीत चुका होतात त्या जोडणीच्या रेषेवर. वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि ब्लॉक काही मिलिमीटरने लहान होतो. म्हणून कडेला थोडा जादा पत्रा राखतात आणि शेवटच्या मोजमापानंतर तो कापतात. मोजमापही भल्या पहाटे. उन्हात तापलेला २० मीटर लांबीचा डेक २० अंशांच्या फरकाने जवळपास ५ मिलिमीटर वाढतो. दुपारी मोजून कापलेला पत्रा रात्री कमी भरणार. एका ब्लॉकमधला पाइप दुसऱ्या ब्लॉकमधल्या पाइपाला ५ मिलिमीटरने चुकला तर तो ओढून-ताणून जोडता येत नाही. ताण राहिलेला सांधा समुद्राच्या हादऱ्यांनी पुढेमागे फुटतो. म्हणून तिथे मापाचा छोटा तुकडा शेवटी बनवून घालतात.

सुरतच्या सांगाड्याचे भाग तर दोन वेगळ्या ठिकाणी बांधून माझगावात जोडले गेले. ते जुळले, याचाच अर्थ मोजमापाची शिस्त आली. जलावतरणापासून नौदलाकडे सुपूर्द होईपर्यंत तिला ३१ महिने लागले.

मग दिल्ली आणि कोलकाताला एवढा वेळ का?

सगळा दोष पद्धतीचा नव्हता. दिल्लीचं बांधकाम सुरू असताना सोव्हिएत संघच कोसळला. जहाजाची शस्त्रं, गॅस टर्बाइन, त्यांचे नकाशे, तज्ज्ञ हे सगळं ज्या एका देशाकडून यायचं तो देश रातोरात अनेक देशांत विभागला गेला. टर्बाइन युक्रेनमध्ये, क्षेपणास्त्रं रशियात. करार कुणाशी झाला होता आणि आता सामान कोण देणार, हेच आधी ठरवावं लागलं.

त्यानंतरची आयएनएस कोलकाता, कील सप्टेंबर २००३, दाखल १६ ऑगस्ट २०१४. जवळपास अकरा वर्षं, म्हणजे दिल्लीपेक्षाही जास्त! इथे कारणं आणखी शिकण्यासारखी आहेत. रशियाहून यायचं खास पोलाद उशिरा आलं. आणि बराक-८ हे क्षेपणास्त्र जहाजासोबतच विकसित होत होतं, त्याला वेळ लागला. जहाज बांधणाऱ्याच्या दृष्टीने यासारखं दुखणं नाही. यंत्राचं वजन, त्याला लागणारी वीज आणि थंड पाणी यांचे आकडे पक्के नसतील तर त्या कोठडीतला एकही पाइप कायमचा बसवता येत नाही. अंदाजाने बसवला तर काढावा लागतो.

पोलादाचा प्रश्न देशातच सुटला. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने डीएमआर २४९ए हे पोलाद विकसित केलं आणि सेल या सरकारी पोलाद कंपनीने ते मोठ्या प्रमाणावर बनवलं. विशाखापट्टणम वर्गाच्या चारही विनाशिका त्याच पोलादाच्या: विशाखापट्टणम, मोरमुगाव, इंफाळ आणि सुरत. सामान वेळेवर, आराखडा कोलकातासारखाच, आणि पद्धत नवी. विशाखापट्टणमच्या आठ वर्षांवरून सुरतच्या सव्वापाचवर येणारी वेळ या तिन्हींची मिळून आहे.

पाणबुडी : इथे चुकीला जागा नाही

पाणबुडीचा दाबसांगाडा म्हणजे पोलादी कड्या एकमेकींना जोडून केलेलं नळकांडं. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. ३५० मीटरवर दर चौरस मीटरवर सुमारे ३५० टनांचा भार. हा भार पेलण्याचं सामर्थ्य पत्र्याच्या जाडीत जेवढं, तेवढंच गोलाईत असतं. वर्तुळ अचूक असेल तर दाब सगळीकडून सारखा वाटला जातो. कुठे किंचित चपटं असेल तर तिथेच तो आत दबायला लागतो. साधारण नियम असा की त्रिज्येच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक चालत नाही. माझगावने पुढे बांधलेल्या फ्रेंच आराखड्याच्या स्कॉर्पीन पाणबुडीचा व्यास सुमारे ६.२ मीटर, म्हणजे त्रिज्या ३.१ मीटर, आणि मुभा अवघी १५ मिलिमीटर. दुमजली घराएवढ्या उंचीच्या कडीत!

आता ही कडी वेल्ड करायची. वेल्डिंगची उष्णता एका बाजूला जास्त झाली की कडी तिकडे ओढली जाते, म्हणून समोरासमोर उभे राहून दोन वेल्डर एकाच वेगाने काम करतात. दुसरा शत्रू हायड्रोजन. हवेतला दमटपणा वेल्डिंगच्या कांडीच्या लेपात शिरतो, ज्वाळेत त्याचा हायड्रोजन होतो आणि तो उच्च शक्तीच्या पोलादात अडकतो. तिथून तो हळूहळू तडा पाडतो, कधी वेल्डिंगनंतर दोन दिवसांनी. म्हणून कांड्या आधी ३०० ते ३५० अंशांना भट्टीत भाजतात, मग १००-१५० अंशांच्या पेटीत गरम ठेवतात आणि वेल्डरने लागतील तेवढ्याच बाहेर काढायच्या. पत्राही आधी तापवून घ्यायचा. सांध्याची तपासणी लगेच करायची नाही, ४८ तास तरी थांबायचं. मुंबईच्या पावसाळ्यात ही शिस्त किती कडक लागते ते वेगळं सांगायला नको.

हे तंत्र माझगावात आलं जर्मनीतल्या कील शहरातून. ११ डिसेंबर १९८१ रोजी एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. शिशुमार आणि शंकुश या दोन कीलमध्ये बनल्या, आणि तिथेच भारतीय अभियंते व कारागीर शिकले. उरलेल्या दोन माझगावात: आयएनएस शल्की, ७ फेब्रुवारी १९९२, भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, आणि आयएनएस शंकुल, २८ मे १९९४.

आणि मग काहीच नाही.

१९८७ मध्ये या व्यवहारात दलालीचे आरोप झाले. आणखी दोन पाणबुड्या घेण्याचा पर्याय सोडून दिला गेला. आरोपांची चौकशी व्हायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण मागणी थांबल्याची किंमत कारखान्याने मोजली. वेल्डरचं प्रमाणपत्र हे एकदा मिळालं की जन्मभर पुरलं असं नसतं. सहा महिने त्या पद्धतीचं काम हातून झालं नाही की ते बाद होतं आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागते. शंकुलनंतर नव्या पाणबुडीचं काम सुरू व्हायला बारा वर्षांच्या आसपास गेली. शिकलेले लोक निवृत्त झाले, दुसऱ्या कामांना लागले, परदेशी गेले. यंत्रं झाकून ठेवता येतात. हात झाकून ठेवता येत नाहीत.

कलवरी ते वागशीर

ऑक्टोबर २००५ मध्ये सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला, आता फ्रेंच कंपनीशी. पहिली २०१२ ला मिळायची होती. आयएनएस कलवरी आली १४ डिसेंबर २०१७ ला. पाच वर्षांच्या उशिराचं मोठं कारण म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून: वेगळा देश, वेगळं पोलाद, वेगळे नकाशे, नव्याने तयार करायचे वेल्डर. शिवाय बरंचसं सामान माझगावने स्वतः खरेदी करायचं होतं आणि त्या खरेदीतच वेळ गेला.

स्कॉर्पीन पाच भागांत बांधली जाते. प्रत्येक भागात उघड्या तोंडातून यंत्रांचे तयार संच सरकवतात, कारण सांगाडा बंद झाला की आत जायला फक्त माणूस शिरेल एवढी झाकणं उरतात. मग पाचही भाग एका रेषेत आणून जोडायचे. कलवरीची ही जोडणी ३० जुलै २०१४ ला झाली. पाण्यातही तिला स्लिपवेवरून घसरवत नाहीत. तराफ्यावर चढवतात, तराफा नौदलाच्या सुक्या गोदीत नेतात आणि तिथे पाणी भरून पाणबुडी अलगद तरंगवतात.

पोटात ३६० बॅटऱ्या, प्रत्येकी ७५० किलोच्या. म्हणजे २७० टन फक्त बॅटरी. शिशाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून वायुवीजन हा पाणबुडीतला सर्वांत निगुतीने तपासला जाणारा भाग आहे.

सहा बहिणींची नावं : कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर, वागशीर. खांदेरी म्हटलं की आपल्याला थळसमोरचं बेट आठवतं. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांना मुंबईच्या तोंडाशी धडकी भरली. ते नाव एका पाणबुडीवर कोरलं गेलं, आणि ती बांधली गेली मुंबईतच, याचा आनंद वाटतो.

पुन्हा हात बसत गेला. पाचवी वागीर जानेवारी २०२३ मध्ये आली तेव्हा देशात बांधलेल्या पाणबुड्यांमध्ये सर्वांत कमी वेळात तयार झालेली तीच होती. एक उणीव मात्र राहिली. या पाणबुड्यांसाठी ठरवलेले इटालियन ब्लॅक शार्क पाणतीर (टॉर्पेडो) पुरवठादाराच्या समूहावरच्या दुसऱ्या एका प्रकरणामुळे रद्द झाले आणि जुन्या जर्मन पाणतीरांवर भागवावं लागलं. नवे जड पाणतीर जोडण्याचा करार झाला तो थेट डिसेंबर २०२४ मध्ये.

पैशाची बाजू, थोडक्यात

२०१५ मध्ये कंपनीचं नाव माझगाव डॉक शिपबिल्डर्स लिमिटेड झालं. ऑक्टोबर २०२० मध्ये १४५ रुपये दराने विकलेले शेअर बाजारात नोंदले गेले आणि जून २०२४ मध्ये नवरत्न दर्जा मिळाला. शेअर घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की अशा कंपनीचं उत्पन्न कामाच्या टप्प्यांनुसार मोजलं जातं. दोन मोठे करार संपत आले आणि तिसरा सही व्हायचा असला की आकडे खाली येतात. त्यात कारखाना बिघडल्याचं लक्षण शोधू नये. आणि एका तिमाहीत तीन जहाजं सुपूर्द झाली म्हणून दर तिमाही तशीच असेल असंही धरू नये.

आता काय चाललं आहे

१५ जानेवारी २०२५ रोजी सुरत, नवी नीलगिरी आणि वागशीर मुंबईत एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या: विनाशिका, फ्रिगेट आणि पाणबुडी, तिन्ही माझगावच्या. पण वागशीर ही करारातली शेवटची. १९९४ च्या मे महिन्यात जी वेळ होती तीच पुन्हा समोर आली.

पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी माझगावची भागीदार कंपनी आहे जर्मनीची टीकेएमएस. एचडीडब्ल्यू याच समूहात विलीन झाली, त्यामुळे १९८१ सालचा कीलचा धागा पुन्हा जोडला जातो आहे. या पाणबुड्यांत हवेशिवाय वीज बनवणारी एआयपी यंत्रणा असेल. साध्या पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी डिझेल इंजिन चालवावं लागतं, इंजिनाला हवा लागते, आणि हवेसाठी नळी पाण्याबाहेर काढली की शत्रूचं रडार ती पाहतं. एआयपी असेल तर हा वर येण्याचा प्रसंग बरेच दिवस टळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये या कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या.

मधल्या काळातलं काम ३० डिसेंबर २०२४ च्या करारातून मिळालं. डीआरडीओने विकसित केलेली एआयपी कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांत बसवण्यासाठी सांगाड्याचा नवा तुकडा माझगावने बांधायचा, किंमत सुमारे १,९९० कोटी रुपये. पद्धत अशी: पाणबुडी मोठ्या दुरुस्तीला आली की तिचा सांगाडा आडवा कापायचा, दोन भाग दूर सारायचे, मधे हा नवा तुकडा घालायचा आणि दोन्ही बाजूंनी पुन्हा गोल सांधा भरायचा. तारा आणि पाइप कापून लांब करायचे. लांबी आणि वजन बदलल्यामुळे पाण्याखालचा तोल नव्याने मोजायचा आणि शिशाची वजनं हलवून तो साधायचा. समोरासमोर दोन वेल्डर, गरम पेटीतून मोजून काढलेल्या कांड्या, ४८ तासांची वाट आणि १५ मिलिमीटरची मुभा. वागशीर झाली तरी ही परीक्षा देणारे वेल्डर त्यामुळे कामावर राहतात.